गुडघ्यात शिरलेली दुर्बीण

कुणाचा गुडघा धरला की आपल्याकडे एक शब्द हमखास निघतो, 'दुर्बिणीचं ऑपरेशन'. ही दुर्बीण गुडघ्यात घालायचं कुणाला सुचलं, कशासाठी सुचलं, आणि ती कुणाच्या कामाची नाही, ते आज सांगते. गोष्ट सुरू होते जपानात.

शंभर वर्षांपूर्वीची जपानी माणसंही आपल्यासारखी भुईवरच बसणारी. गुडघे दुमडून टाचांवर बसायचं. जेवण, पाहुणचार, सगळं तसंच. त्यात त्या काळी क्षयरोग फार. टीबी म्हटलं की आपल्याला छातीच आठवते, पण तो हाडासांध्यांतही होतो. गुडघ्यात शिरला की सांधा आखडतो, पाय काठीसारखा ताठ होतो. घरात खुर्चीच नाही, तर अशा माणसानं बसायचं कसं? टोकियोचे डॉक्टर केन्जी ताकागी यांना हाच घोर लागला होता. रोग लवकर दिसला तर सांधा वाचेल, पण न चिरता आत बघणार कसं? मूत्राशयात डोकावायची एक नळी तेव्हा डॉक्टरांकडे असे. १९१८ साली ताकागींनी ती एका मृतदेहाच्या गुडघ्यात घालून पाहिली. डेन्मार्कच्या एका डॉक्टरांनी १९१२ मध्येच असा प्रयत्न मांडला होता, पण तो पुढे गेला नाही. ताकागी मात्र नळी बारीक करत राहिले. १९३१ पर्यंत ती साडेतीन मिलिमीटरवर आली.

त्यांचे शिष्य मासाकी वतानाबे यांनी दुसऱ्या महायुद्धानंतर हे काम उचललं. एकामागून एक दुर्बिणी बनवल्या, त्यांना नुसते क्रमांक दिले. एकविसावी नीट जमली. तिच्या टोकाला इवलासा बल्ब असे. तो तापायचा, कधी आतच फुटायचा! तरी तिच्यातून गुडघा स्वच्छ दिसू लागला. मग नुसतं बघायचं कशाला, दुरुस्तीही करू, असं झालं. ४ मे १९६२ रोजी वतानाबेंनी बास्केटबॉल खेळणाऱ्या एका सतरा वर्षांच्या रुग्णाच्या गुडघ्यातला गादीचा फाटका तुकडा दुर्बिणीतून बघत काढला.

ही गादी म्हणजे काय? मांडीचं हाड आणि नळीचं हाड यांच्यामध्ये चंद्रकोरीच्या आकाराच्या दोन चिवट गाद्या असतात. वजन त्या झेलतात. पाय रोवलेला असताना अंग वळलं की गादी फाटू शकते. पूर्वी गुडघा उघडून अख्खी गादी काढत. अशा गुडघ्यांची झीज लवकर होते, हे १९४८ मध्ये इंग्लंडच्या फेअरबँक यांनी दाखवलं होतं. दुर्बिणीमुळे फाटलं तेवढंच काढता येऊ लागलं, काही वेळा तर टाका घालून गादी वाचवताही येऊ लागली.

१९६४ मध्ये टोकियोला ऑलिंपिक झालं. त्याच वर्षी कॅनडाचे डॉक्टर रॉबर्ट जॅक्सन तिथे होते. ते वतानाबेंकडे ही विद्या शिकले आणि बदल्यात त्यांना इंग्रजी शिकवलं म्हणे! जॅक्सन परत गेले आणि अमेरिकेकडच्या खेळाडूंच्या डॉक्टरांत ही पद्धत पसरली.

तिचा सगळ्यात गाजलेला गुडघा मात्र एका बाईचा आहे. १९८४ पर्यंत ऑलिंपिकमध्ये बायकांना मॅरेथॉन नव्हतीच. दीड हजार मीटरच्या पुढे धावायला परवानगी नव्हती, का तर बायकांना झेपणार नाही. (पाण्याच्या घागरी घेऊन मैलभर चालणाऱ्या बायकांना कुणी विचारलं नव्हतं.) त्या वर्षी पहिल्यांदा बायकांची मॅरेथॉन ठरली, आणि अमेरिकेच्या जोन बेनॉईटचा गुडघा सरावात अडकला. निवड शर्यत सतरा दिवसांवर असताना दुर्बिणीतून तिचं ऑपरेशन झालं. निवड शर्यत तिने जिंकली. मग ५ ऑगस्टला लॉस एंजेलिसमध्ये बेचाळीस किलोमीटरची ऑलिंपिक शर्यतही, २ तास २४ मिनिटं ५२ सेकंदांत. गुडघा उघडून ऑपरेशन केलं असतं, तर ती त्या वर्षी धावू शकली नसती असं मला वाटतं.

हे आपल्या कबड्डी-खोखो खेळणाऱ्या मुलींसाठी सांगते. उडी मारून उतरताना, चटकन वळताना गुडघ्यातलं लिगामेंट तुटण्याचं प्रमाण मुलींमध्ये मुलांपेक्षा जास्त असतं. 'कट्' असा आवाज झाला, गुडघा लगेच सुजला, नंतर चालताना निसटतोय असं वाटलं, तर चोळून मोडून बसू नका. हाडांच्या डॉक्टरांना दाखवा. तिथे दुर्बीण खरंच कामाची आहे.

पण आपल्या चाळीशी-पन्नाशीच्या गुडघ्यांचं काय? ही दुखणी बहुतेक झिजेची. अशा गुडघ्यांतही दुर्बीण घालून 'साफसफाई' करायची पद्धत जगभर पडली होती. अमेरिकेतल्या ह्यूस्टनच्या डॉक्टरांनी ती तपासली. झिजेचे १८० रुग्ण घेतले. काहींचा गुडघा आतून धुतला, काहींचा खरवडला, आणि काहींच्या कातडीला नुसत्या चिरा दिल्या, आत काहीच केलं नाही. आपल्याला काय केलंय ते रुग्णांना सांगितलं नव्हतं. दोन वर्षं दुखणं मोजलं, तर तिन्ही गटांत सारखंच! हा निकाल २००२ मध्ये छापून आला. २०१७ मध्ये डॉक्टर आणि रुग्ण मिळून बनलेल्या एका आंतरराष्ट्रीय गटाने झिजेच्या गुडघ्यात दुर्बिणीचं ऑपरेशन करू नये असा ठाम सल्ला दिला. गुडघा अडकून पडला, सरळच होईना, तर गोष्ट वेगळी. सांधा बदलण्याचं ऑपरेशनही वेगळं, त्याची यात गल्लत करू नका.

झिजेला आधी मांडीचे स्नायू बळकट करणारा व्यायाम आणि वजन आटोक्यात ठेवणं, एवढं करून बघायचं. तरीही कुणी दुर्बिणीचं सुचवलं, तर खर्चासाठी बचत गटाकडे अर्ज करण्याआधी डॉक्टरांना विचारा, "डॉक्टर, माझी गादी इजेने फाटलीय की गुडघा झिजलाय? आणि झिजला असेल, तर दुर्बिणीने मला नेमकं काय मिळणार?"