गाणारी माणसे हवीत

गेल्या श्रावणात आम्ही रिसोडला दोन-तीन दुकानांच्या भिंतींवर हाताने लिहिलेला एकेक कागद चिकटविला. त्यावर एवढाच मजकूर होता : ‘भजनी मंडळाला गाणारी माणसे हवीत. वयाची अट नाही. मानधन नाही.’ एके काळी अठरा-वीस माणसांनी भरलेल्या या मंडळात आता सातजण उरले आहेत, आणि त्यांतल्या दोघांचे गुडघे त्यांना मांडी घालू देत नाहीत. कागद आठ दिवस टिकला. नवव्या दिवशी पावसाने नेला. चौकशीला आले ते दोघेच. एकाला, ‘मानधन नाही म्हणजे अगदीच नाही का?’ हे विचारायचे होते. दुसऱ्याविषयी शेवटी सांगतो.

या कागदाच्या निमित्ताने मला एक नाद लागला. गाणाऱ्या माणसांचा दुष्काळ काही आमच्याच वाट्याला आलेला नाही. हौशी माणसे जिथे जिथे एकत्र जमून गाऊ लागली, तिथे तिथे आज ना उद्या ही अडचण उभी राहिलीच. ती कुणी कशी निवारली, हे मी जुन्या-नव्या वाचनातून शोधू लागलो. दिवाळीच्या फराळाबरोबर तेवढी हकीकत वाचकांपुढे ठेवावी म्हणतो.

समूहाने गाणे आम्हांला नवे नाही. शेगावच्या गजानन महाराजांची पालखी आषाढीला पंढरपूरकडे पायी निघते, ती वाटेत आमच्या रिसोडला येते. शुभ्र पोशाखातले शेकडो वारकरी, हातांत टाळ, खांद्यांवर पताका, आणि सगळ्यांच्या मुखी एकच चाल. लहानपणी आईच्या कडेवरून मी ती ऐकली आणि आता नातवाला खांद्यावर घेऊन ऐकतो. या गाण्यात कुणाचा आवाज चांगला, कुणाचा वाईट, याची विचारपूस नसते. जो चालेल तो गाईल.

आमचे भजनी मंडळ हे त्याच झाडाची एक फांदी. परंतु त्यात एक गोम होती, आणि ती आमच्या उशिरा ध्यानात आली. मंडळ माझ्या थोरल्या काकांनी काढले. चरण ते म्हणत आणि आम्ही बाकीचे धृपद उचलीत असू. चाली त्यांच्या, पेटी त्यांची, आणि शंभर-दीडशे अभंगही त्यांच्याच तोंडात. ते गेले आणि त्यांच्याबरोबर निम्म्या चालीही गेल्या. आमच्याजवळ एक कॅसेट आहे. साल असेल १९८४ किंवा ८५. ती लावली तर काका तेवढे स्वच्छ ऐकू येतात आणि आम्ही सारे लांबवरच्या बाजारासारखे. कारण टेपरेकॉर्डर त्यांच्या गुडघ्याशी ठेवलेला होता! आमच्या मंडळाचा सगळा इतिहास त्या कॅसेटमध्ये आला, असे मला कधी कधी वाटते.

निराळ्या तऱ्हेचे समूहगान मी प्रथम वाशीमला ऐकले. तिथले रेनॉल्ड्स मेमोरियल इस्पितळ अमेरिकन मिशनऱ्यांनी १९३० च्या दशकात उभारले. मी नऊ-दहा वर्षांचा असताना आई तिथे होती आणि दिवस नाताळचे होते. संध्याकाळी परिचारिका आणि काही पुरुष मंडळी वॉर्डांतून गात गेली. शब्द मराठीच होते. आपले ना. वा. टिळक १८९५ साली ख्रिस्ती झाले, आणि पुढे त्यांनी ख्रिस्ती भक्तीची पदे अभंगाच्या वळणाने रचली, हे तर सर्वश्रुत आहे. मला नवल वाटले ते वेगळ्याच गोष्टीचे. बायका एक चाल म्हणत होत्या आणि पुरुष त्याच वेळी दुसरीच, खालची. मी आईला म्हटले, ‘ते चुकताहेत.’ आई म्हणाली, ‘चुकले असते तर इतके गोड लागले असते का?’

त्या प्रश्नाचे उत्तर मिळायला मला जवळजवळ चाळीस-पंचेचाळीस वर्षे लागली. नोकरीची शेवटची दोन-तीन वर्षे राहिली असताना मुंबईला मेव्हण्यांकडे गेलो होतो. ते मला परांजोती वृंदाच्या कार्यक्रमाला घेऊन गेले. पेटी नाही, तबला नाही. नुसती माणसे उभी राहून गात होती, आणि एक वयस्क बाई त्यांच्यासमोर हाताच्या इशाऱ्यांनी ते गाणे चालवीत होत्या. त्या म्हणजे कुमी नरिमन वाडिया.

या वृंदाची कथा आपण सर्वांनी ठाऊक करून घ्यावी अशी आहे. १९५६ साली मुंबईत व्हिक्टर परांजोती यांनी तो स्थापन केला. गाणारे सारे हौशी. दिवसा आपापले उद्योग करायचे आणि फावल्या वेळी तालमीला जमायचे. निरनिराळ्या धर्मांची आणि भाषांची माणसे त्यात एका ओळीत उभी राहिली. पाश्चात्त्य वृंदगान तर ते गातच. पण परांजोतींच्या मनात आपल्या इकडचे सूरही वृंदाच्या मुखात यावेत असे होते. त्यांनी ‘द्रविडियन डिथिरॅम्ब’ नावाची एक रचना केली. डिथिरॅम्ब म्हणजे प्राचीन ग्रीसमध्ये डायोनिसस देवापुढे समूहाने म्हणावयाचे स्तोत्र. नाव असे अर्धे द्राविडी, अर्धे ग्रीक, आणि वळण हिंदुस्थानी! आज परदेशांतले वृंदही ती रचना गातात.

१९६७ साली परांजोती वारले. आमचे काका गेले तेव्हा जे झाले ते इथेही व्हायला हरकत नव्हती. पण तसे झाले नाही. वृंदाची सूत्रे कुमी वाडिया यांनी हाती घेतली, आणि पुढे कित्येक दशके त्यांनी तो चालविला. देशात कार्यक्रम केले, परदेशांचे दौरे केले. २०२३ साली त्यांना पद्मश्री मिळाली, तेव्हा रिसोडला बसून मला आमच्याच घरातल्या कुणाचा सत्कार झाल्यासारखे वाटले.

संस्थापक गेला आणि संस्था टिकली, हे कशामुळे? माझ्या अल्प बुद्धीला दोन कारणे दिसतात. एक, गाणे एकट्याच्या गळ्यात नव्हते. ते कागदावर स्वरांनी लिहिलेले होते. आपल्याकडे स्वरलेखन नव्हते असे नाही. भातखंडे आणि पलुसकर यांनी त्यासाठी जन्म वेचला. परंतु ते विद्यालयांत राहिले. भजनाच्या ओसरीपर्यंत आले नाही. दुसरे कारण अधिक महत्त्वाचे. त्या गाण्यात प्रत्येकाला स्वतःचे काम असते.

ते कसे, हे जरा फोड करून सांगतो. पुरुषाचा आवाज साधारणपणे बाईच्या आवाजाखाली असतो. आमच्याकडे पुरुष काळी एक किंवा दोनमध्ये सुखाने गातो, तर बाई काळी चार-पाचमध्ये. दोघांनी मिळून एकच चाल म्हणायची म्हटली की एकाला ओरडावे लागते, नाहीतर दुसऱ्याला पुटपुटावे लागते. चार आवाजांच्या गाण्याने हा तंटा मिटविला. बायकांचा उंच आवाज सोप्रानो, खालचा आल्टो. पुरुषांचा उंच टेनर, खालचा बास. प्रत्येकाला त्याच्या गळ्याला मानवेल अशी निराळी ओळ, आणि चारी ओळी एकमेकींशी जुळतील अशा बांधलेल्या. लहान वृंदात एकेका ओळीला चार-पाचजणच असतात. त्यातला एक गैरहजर राहिला तर भिंतीतली वीट निघाल्यासारखे होते. आणि गंमत अशी की, टेनरची टंचाई ही साऱ्या जगातल्या हौशी वृंदांची कायमची तक्रार आहे. कारण बहुतेक पुरुषांचा आवाज ना उंच ना फार खोल, असा मधला असतो.

मग ही माणसे मिळतात कोठून? इतिहास चाळून मी ज्या निष्कर्षाला आलो तो असा की, ती मिळत नाहीतच. ती घडवावी लागतात. गोव्याकडे पाहा. तिथे सोळाव्या शतकापासून चर्चच्या जोडीने शाळा निघाल्या आणि त्यांत मुलांना अक्षरांबरोबर सूर वाचायला शिकविण्याची परंपरा पडली. गोव्याच्या वादकांवाचून आपल्या हिंदी चित्रपटांचे वाद्यवृंद उभे राहिले नसते, त्याचे मूळ तिथे आहे. इंग्लंडात एकोणिसाव्या शतकात सारा ग्लोव्हर या बाईंनी एक सोपी पद्धत शोधली आणि जॉन कर्वेन यांनी ती गावोगाव नेली. तिच्यात ‘डो’ कुठेही धरता येतो, जसा आपला ‘सा’ कोणत्याही पट्टीत धरता येतो. आमच्या आजीला जे उपजत ठाऊक होते, ते त्यांना शोधून काढावे लागले! पण त्यांनी ते गिरणीतल्या मजुरांना शिकविले, आणि आम्ही आजीपाशीच ठेवले, एवढाच काय तो फरक.

आणि आपल्या वऱ्हाडात तुकडोजी महाराजांनी काय केले? १९३५ साली मोझरीला गुरुकुंज आश्रम काढला, हाती खंजिरी घेतली आणि खेड्याखेड्यांत सामुदायिक प्रार्थनेला माणसे बसविली. ज्याने जन्मात चारचौघांत तोंड उघडले नव्हते, तोही संध्याकाळी रांगेत बसून गाऊ लागला. ‘दो आँखें बारह हाथ’ आणि ‘गुड्डी’ या चित्रपटांतल्या वसंत देसाईंच्या प्रार्थना पुढे शाळाशाळांतून रोज म्हटल्या जाऊ लागल्या. मुलांच्या समूहगायनासाठी या मोठ्या संगीतकाराने मनापासून श्रम घेतले.

ध्वनिमुद्रणाच्या इतिहासातही हाच धडा आहे. सुरुवातीला कर्ण्याच्या तोंडाशी गाऊन तबकडी काढीत. कर्ण्याजवळ उभे राहणार किती? त्यामुळे मोठा वृंद तबकडीवर धड उमटतच नसे. विजेवर चालणारा मायक्रोफोन आला आणि ३१ मार्च १९२५ रोजी न्यूयॉर्कच्या मेट्रोपोलिटन ऑपेरा हाउसमध्ये अमेरिकेतल्या हौशी गायक-मंडळांचे गाणे मुद्रित झाले. शेवटच्या गीतात समोर बसलेले श्रोतेही मिसळले. ४,८५० आवाजांची तबकडी म्हणून ती विकली गेली. ऐकायला आलेली माणसे गाणारी होऊन घरी परतली!

आता माझ्या स्वतःच्या एका अपराधाविषयी लिहितो. हा लेख खरे म्हणजे त्यासाठीच लिहावयास घेतला आहे.

१९८३ साली मी तरुण शिक्षक होतो. शाळेचे समूहगीत बसविण्याचे काम माझ्याकडे होते. वाशीम जिल्हा तेव्हा झाला नव्हता, तो १ जुलै १९९८ रोजी झाला. त्यामुळे स्पर्धेसाठी अकोल्याला जावे लागे. बारा मुलेमुली निवडली होती. त्यांत आठवीतला एक मुलगा होता. उत्साही, तालमीला सर्वांच्या आधी येणारा. स्पर्धेला पंधरा दिवस राहिले आणि त्याचा सूर लागेना. इतर मुले वर जात, हा खालीच घरघरे. मी पेटीचा काळी चारचा सूर पुनःपुन्हा दिला. शेवटी वैतागून सर्वांसमोर म्हणालो, ‘तू नुसते ओठ हलव. आवाज काढू नकोस.’

त्याने तसेच केले. अकोल्याच्या मंचावर तो पहिल्या ओळीत उभा होता. ओठ अचूक हलत होते. आम्हांला दुसरा क्रमांक मिळाला. परतीच्या एस.टी.त सारी मुले गात होती. तो खिडकीबाहेर पाहत होता. मी ते पाहिले आणि विसरून गेलो.

परांजोती वृंदाच्या कार्यक्रमात मागच्या ओळीतल्या पुरुषांचा तो खोल, भरीव आवाज कानी आला तेव्हा मला तो मुलगा आठवला. तो बेसूर नव्हताच. त्या वयात मुलांचा आवाज फुटतो आणि सुमारे एक सप्तक खाली उतरतो. मी त्याला जी पट्टी देत होतो ती त्याच्या गळ्यातून त्याच महिन्यांत निघून गेली होती. चार आवाजांच्या वृंदात त्याला जपून ठेवले असते. माझ्याजवळ एकच ओळ होती. तीत तो मावला नाही, म्हणून मी त्याला मुका केला. आणि वर आम्हीच म्हणतो, गाणारी माणसे मिळत नाहीत! अशी किती माणसे आपण शाळाशाळांतून स्वतःच्या हाताने गप्प बसविली, याचा हिशेब कोणी ठेवला आहे?

कागद वाचून जो दुसरा माणूस आला, तो हाच. पंचावन्नीचा, केस पिकलेले, बाहेर मोटारसायकल लावून दारात उभा. मी ओळखले नाही. त्याने नाव सांगितले आणि हसून म्हणाला, ‘सर, आता आवाज काढला तर चालते का?’

मला उत्तर सुचेना. मी त्याला आत बसविले, चहा सांगितला आणि पेटी पुढे ओढली. या खेपेला सूर मी दिला नाही; त्यालाच म्हटले, ‘तू गा, मी शोधतो.’ त्याने आवाज लावला. मी पेटीवर त्याच्या मागोमाग खाली खाली जात राहिलो. खर्जात एके ठिकाणी तो असा स्थिर झाला की पेटीचा आवाज त्यात बुडून गेला.

चार ओळींचे गाणे बांधण्याची विद्या आमच्यापाशी नाही. पण अभंग चालू असताना तो खाली षड्ज धरून ठेवतो, आणि आमचे थकलेले आवाज त्यावर टेकून उभे राहतात. चाली आता आम्ही वहीत स्वरांनी लिहू लागलो आहोत. फोनवर मुद्रण करताना फोन मधोमध ठेवतो. शेजारच्या दोन सुनांनी, ‘बायकांना चालते का?’ म्हणून विचारले आहे. त्यांच्यासाठी पट्टी शोधणे चालू आहे.

यंदाच्या कार्तिकात काकड्याला आम्ही आठजण आहोत. भिंतीवरचा कागद पावसाने नेला, तो मी पुन्हा लिहिला. त्यात एक ओळ वाढविली आहे : ‘शाळेत ज्यांना गाऊ दिले नाही, त्यांनी आधी यावे.’