चौदाव्या रात्रीचा चंद्र: महाभारतातील विसंगती जुळवण्याची परंपरा

1977 साली प्रदर्शित झालेल्या 'स्टार वॉर्स' या चित्रपटात हान सोलो हा वैमानिक आपल्या यानाची बढाई मारताना पार्सेक हे एकक काळ मोजण्याचे असल्यासारखे वापरतो, परंतु पार्सेक म्हणजे सुमारे 3.26 प्रकाशवर्षे इतके अंतर होय. शिवाय निर्वात अवकाशातील लढायांत स्फोटांचे आवाजही स्पष्ट ऐकू येतात. चित्रपटावर जीव असलेल्या प्रेक्षकांनी या गोष्टींना चुका न म्हणता त्यांची उपपत्ती लावली: सोलोने कृष्णविवरांजवळून जाणारी आखूड वाट धरली, आणि आवाज यानातील यंत्रणा वैमानिकाच्या सोयीसाठी निर्माण करते. यांपैकी आखूड वाटेची उपपत्ती 2018 च्या 'सोलो' या चित्रपटात कथेचाच भाग झाली. संहिता प्रमाण मानून विसंगतीचे उत्तर कथेच्या आतच शोधण्याची ही रीत फार जुनी असून, मराठी विद्वानांनी ती महाभारतातील अठरा दिवसांच्या युद्धावर तीन शतके चालवली.

या परंपरेत नीलकंठ चतुर्धर यांचे स्थान मोठे आहे. गोदावरीकाठच्या कोपरगावचे हे पंडित सतराव्या शतकात काशीला स्थायिक झाले आणि तेथे त्यांनी महाभारतावर 'भारतभावदीप' ही टीका लिहिली. ठिकठिकाणची हस्तलिखिते मिळवून आणि पाठ ताडून पाहून आपण ग्रंथ सिद्ध केल्याचे ते आरंभीच सांगतात. म्हणजे विसंगती दिसली की आधी पाठ तपासावा आणि मग अर्थ लावावा, ही शिस्त त्यांच्यापाशी होती.

युद्धाच्या तिथीचा प्रश्न मात्र पाठ ताडून सुटणारा नव्हता. उद्योगपर्वात कृष्ण कर्णाला सांगतो की सात दिवसांनी अमावास्या येईल आणि त्या दिवशी युद्ध जुंपावे. दहाव्या दिवशी भीष्म शरपंजरी पडतात, आणि अनुशासनपर्वात देह ठेवताना आपण 58 रात्री पडून असल्याचे सांगतात. त्यांच्या निर्वाणाची परंपरागत तिथी माघ शुद्ध अष्टमी असल्याने कार्तिक अमावास्येपासून मोजल्यास हा हिशेब अचूक बसतो, कारण दहावा दिवस मार्गशीर्ष शुद्ध नवमीचा येतो आणि तेथून माघ अष्टमीपर्यंत जवळजवळ दोन चांद्रमास होतात. परंतु याच गणनेने चौदावा दिवस शुद्ध त्रयोदशीच्या आसपास पडतो, आणि त्या तिथीचा चंद्र सूर्यास्तापूर्वीच उगवलेला असतो. द्रोणपर्वातील चौदाव्या रात्री तर दाट अंधारात दिवट्या पेटवून युद्ध चालते, थकलेले सैनिक रणांगणावरच झोपतात, नंतर चंद्र उगवतो आणि रात्रीचा तिसरा हिस्सा उरला असताना लढाई पुन्हा सुरू होते. इतक्या उशिरा उगवणारा चंद्र वद्य दशमी-एकादशीचाच असू शकतो. बलरामाची साक्षही याच बाजूची आहे: तो पुष्य नक्षत्रावर तीर्थयात्रेला निघून 42 व्या दिवशी, श्रवण नक्षत्रावर, अखेरच्या गदायुद्धाला पोहोचतो, आणि श्रवणापासून सतरा नक्षत्रे मागे मोजली की पहिला दिवस मृगशीर्षाजवळ, म्हणजे मार्गशीर्ष पौर्णिमेच्या आसपास येतो. 'भारतसावित्री' या छोट्या संस्कृत रचनेतील शुद्ध त्रयोदशीचा आरंभ याच्याशी बराचसा जुळतो, पण मग भीष्मांच्या 58 रात्रींच्या जागी सुमारे 45 च उरतात.

अमावास्येला केवळ सैन्याची सिद्धता झाली आणि प्रत्यक्ष युद्ध नंतर जुंपले, अशी तोड यावर सुचवली जाते. ती समंजस आहे, पण तिने भीष्मांच्या रात्री भरून निघत नाहीत.

एकोणिसाव्या शतकात या चर्चेला आधुनिक ज्योतिर्गणिताची जोड मिळाली. शंकर बाळकृष्ण दीक्षित यांच्या 1896 साली प्रसिद्ध झालेल्या 'भारतीय ज्योतिषशास्त्र' या ग्रंथात महाभारतातील ग्रहस्थितींची तपासणी आहे. वक्री मंगळ उद्योगपर्वात ज्येष्ठा नक्षत्रात, तर भीष्मपर्वात मघा नक्षत्रात सांगितला आहे. यावर काही अभ्यासकांनी असे म्हटले की एक स्थान निरयन, म्हणजे ताऱ्यांच्या संदर्भात मोजलेले, आणि दुसरे सायन, म्हणजे वसंतसंपातापासून मोजलेले असावे. संपाताला एक नक्षत्र मागे सरकण्यास सुमारे 960 वर्षे लागतात, त्यामुळे आठ नक्षत्रांचा हा फरक भरून काढण्यासाठी युद्ध हजारो वर्षे मागे न्यावे लागते. ही कल्पना बुद्धिमान असली तरी तिच्याने जवळजवळ कोणताही फरक समर्थनीय ठरतो, आणि म्हणूनच चंद्रोदयाच्या साध्या कसोटीपुढे ती दुबळी वाटते. चिंतामण विनायक वैद्य यांनी युद्धाचा काळ इ. स. पूर्व 3101 हा मानला. ऐहोळे येथील शके 556 च्या शिलालेखात भारतीय युद्धाला 3735 वर्षे झाल्याचे कोरले आहे, त्याच्याशी तो मिळताजुळता आहे.

पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात 1919 साली सुरू होऊन 1966 साली पूर्ण झालेल्या महाभारताच्या चिकित्सित आवृत्तीने वेगळाच मार्ग धरला. केंब्रिजला गणित शिकून पुढे संस्कृताकडे वळलेले विष्णु सीताराम सुकथनकर 1925 पासून तिचे प्रमुख संपादक होते. हस्तलिखितांचा आधार असेल तर परस्परविरोधी वचनेही तशीच छापावीत, ती जुळवून देणे हे संपादकाचे काम नव्हे, ही त्यांची भूमिका या प्रदीर्घ वादातील सर्वांत प्रामाणिक पाऊल ठरते. त्यामुळे कृष्णाची अमावास्या, भीष्मांच्या रात्री, बलरामाची नक्षत्रे आणि उशिराचा चंद्र हे सारे त्या आवृत्तीत कायम राहिले. मूळ संहितेतून परिशिष्टात गेली ती गणपती लेखक झाल्याची कथा. गणपतीची लेखणी थबकावी म्हणून व्यासांनी मुद्दाम कूटश्लोक घातले, असे सांगून ग्रंथातील दुर्बोधतेचे कारण देणारी ही कथा नंतरची भर असल्याचे हस्तलिखितांच्या तुलनेतून दिसून आले होते.