एकाच उजेडाची दोन घराणी

काही कलाकृतींची आणि आपली गाठ फार उशिरा पडते. बिली वाइल्डर यांचा ‘डबल इंडेम्निटी’ (१९४४) मी चाळिशी उलटल्यावर, बुलढाण्यातील घरी, एका रात्री प्रथमच पाहिला. विमा-एजंट नेफ, पतीच्या खुनाचा बेत रचणारी फिलिस, आणि खिडकीच्या पट्ट्यांतून भिंतीवर गजांसारख्या उमटणाऱ्या सावल्या. नवल वाटण्याऐवजी ओळख पटली. हा अंधार मी ‘प्रभात’च्या ‘अमृतमंथन’मध्ये पाहिला होता.

‘आपण अमेरिकेचे अनुकरण केले’ हे सोपे उत्तर येथे टिकत नाही. ‘अमृतमंथन’ १९३४चा, म्हणजे वाइल्डरच्या दहा वर्षे आधीचा. अशा अमेरिकन चित्रपटांना ‘न्वार’ म्हणजे ‘काळा’ हे विशेषण फ्रेंच समीक्षक निनो फ्रांक यांनी लावले तेही १९४६ साली. दोहोंचे मूळ विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकातील जर्मन अभिव्यक्तिवादी चित्रपटांत आहे. हिटलर सत्तेवर येताच १९३३ साली वाइल्डर यांनी बर्लिन सोडले. ‘सैरंध्री’च्या (१९३३) रंगीत प्रतींच्या कामासाठी व्ही. शांताराम जर्मनीला गेले, तो काळही हाच. एक निर्वासित म्हणून निघाला, दुसरा शिकून परतला. तेव्हा हे नाते ऋणको-धनकोचे नसून भावंडांचे आहे.

मात्र उजेडाचे तंत्र एक असले, तरी जीवनदृष्टी एक नाही. ‘अमृतमंथन’मधला अंधार बळी मागणाऱ्या राजगुरूचा आहे, सुधारणेचा विचार त्याच्याशी झुंजतो. पुढे राजा परांजपे यांच्या ‘पाठलाग’मध्ये (१९६४) संशय थेट घरात शिरतो. मृत पत्नीच म्हणवणारी आरोपी स्त्री वकील पतीसमोर उभी राहते. पण शेवटी ती खरोखरच पत्नी ठरते आणि दोष जुळ्या बहिणीच्या पदरी जातो. घर शाबूत राहते. नेफला असा आडोसा नाही. अंधार त्याच्या आतच आहे, आणि कथाही तोच सांगतो.

वर्गात ‘प्रभाव’ ही संज्ञा मी वर्षानुवर्षे पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणाऱ्या नदीसारखी शिकवली. त्या रात्रीनंतर तसे शिकवणे अवघड झाले आहे. आपण काय घेतले, याची यादी सहज करता येते. हाती आलेल्या त्याच उजेडात आपण काय पाहायचे नाकारले, हा प्रश्न वाङ्मयेतिहासाने अधिक गंभीरपणे विचारायला हवा.