गोळीनं नाही, शुगरनं नेलं

बचत गटाच्या बैठकीत हल्ली कुणाच्या ना कुणाच्या घरी ‘शुगर’ निघाल्याचं कळतंच. म्हणून आज आम्ही एका डॉक्टरची गोष्ट आणली आहे. तो बंदुकीच्या गोळ्यांतून वाचला आणि शुगरनं गेला.

थॉमस क्रीन. जन्म १८७३, आयर्लंडमधल्या डब्लिनचा. अंगानं धिप्पाड. अठराव्या वर्षी समुद्रात बुडणाऱ्या एका तरुणाला वाचवलं म्हणून त्याला पदक मिळालं. डॉक्टरकी शिकता शिकता तो रग्बी खेळायचा. रग्बी म्हणजे लांबट चेंडू छातीशी धरून पळायचं आणि समोरच्यांनी आडवं पाडायचं. आपल्या कबड्डीतली पकड आठवा. १८९४ ते १८९६ या काळात तो आयर्लंडकडून ९ सामने खेळला. १८९६ मध्ये ब्रिटिश बेटांचा संघ दक्षिण आफ्रिकेला गेला, त्यातही होता. सामन्याआधी जेवताना शॅम्पेनचे चारच पेले घ्यायचे, असा त्याचा नियम होता म्हणतात. चार‘च’! आपल्या दारूबंदीवाल्या बायांनी काय केलं असतं, ते सांगायला नको.

दौरा संपल्यावर तो तिकडेच जोहान्सबर्गला राहिला. १८९९ साली इंग्रज आणि बोअर यांचं युद्ध पेटलं. क्रीन आधी साधा शिपाई म्हणून भरती झाला, पुढे पलटणीचा डॉक्टर. १८ डिसेंबर १९०१ ला टायगरक्लूफच्या लढाईत शत्रू होता अवघ्या १५० यार्डांवर, म्हणजे मोठ्या मैदानाच्या पलीकडच्या टोकाला. गोळीबार चालू असताना हा जखमींची मलमपट्टी करत होता. स्वतःला गोळी लागली, तरी हात थांबला नाही. दुसरी लागली तेव्हाच थांबला. आता हा जगत नाही, असंच सगळ्यांना वाटलं. पण वाचला, आणि ‘व्हिक्टोरिया क्रॉस’ मिळाला.

त्याचं धाडस आम्हाला मान्य आहे, ते युद्ध नाही. त्याच वर्षी इंग्रजांनी बोअर बायका-मुलांना छावण्यांत डांबलं होतं. रोगराईनं हजारो दगावली. काळ्या लोकांच्या छावण्या वेगळ्या. तिथल्या मेलेल्यांची नीट मोजदादही कुणी ठेवली नाही.

पहिल्या महायुद्धात क्रीन पुन्हा सैन्यात डॉक्टर होता. नंतर लंडनला परतला. तब्येत ढासळली, पैशाचीही ओढाताण झाली. मधुमेह. तेव्हा त्यावर उपाय एकच, खाणं तोडायचं. जानेवारी १९२२ मध्ये कॅनडातल्या टोरांटोत एका १४ वर्षांच्या मुलाला इन्सुलिनचं इंजेक्शन दिलं गेलं, जगात पहिल्यांदा. क्रीन गेला २५ मार्च १९२३ ला, वय ४९. औषध निघालं होतं, सर्रास मिळायला लागलं नव्हतं.