गाठ कुणी बांधायची?

१८७० साली जलंबहून खामगावला रेल्वेचा फाटा आला, तो कापसासाठी. वेचलेला कापूस तसाच गाडीत भरला तर जागा हवा खाते आणि वजन सरकीचं जातं. म्हणून जिनिंगमध्ये सरकी काढायची, प्रेसमध्ये रुई दाबून गाठ बांधायची. ही मेहनत पाठवणाऱ्याच्या गावातच होते.

सॉफ्टवेअर पाठवतानाही प्रश्न हाच: मेहनत कुणी करायची? जावाच्या जगाने याची तीन वेगवेगळी उत्तरं दिली.

जावा १९९५ ची. वचन होतं, एकदा लिहा, कुठेही चालवा. १९९७ च्या जेडीके १.१ पासून प्रोग्राम जार फाइलमधून जाऊ लागले. जार म्हणजे मुळात झिपच. पण ती चालवायला घेणाऱ्याकडे जेव्हीएम, म्हणजे जावा व्हर्च्युअल मशीन हवं, तेही योग्य आवृत्तीचं. लागणाऱ्या लायब्ररीही सोबत असायला हव्यात.

२००७ मध्ये रिच हिकी यांनी जेव्हीएमवर चालणारी क्लोजर भाषा आणली. पुण्यात हेल्पशिफ्टने तिच्यावर आपली सेवा उभारली. लायनिंगन या टूलने 'उबरजार' सोपा केला: सगळ्या लायब्ररी एकाच फाइलमध्ये. जमवाजमव संपली, पण हा सरकीसकट दाबलेला कापूस होता. न लागणारा कोडही आत, आणि जेव्हीएम लागायचंच. सर्व्हर एकदा सुरू झाला की महिनोन्महिने चालतो, त्याला हे खपतं. क्षणात काम उरकणाऱ्या कमांडने मात्र आधी जेव्हीएम उठवायचं, मग क्लोजर लोड करायचं, हे जाचक होतं.

मग ग्रालव्हीएमचं नेटिव्ह इमेज आलं. कुठला कोड खरंच वापरात येईल हे ते आधीच शोधतं, बाकीचा टाकतं आणि उरलेल्याचा थेट मशीन कोड करतं. २०१९ मध्ये मिखील बोर्केंट यांनी याच तंत्राने बाबाश्का बनवलं: क्लोजर स्क्रिप्ट चालवणारी एकच फाइल, जेव्हीएमशिवाय, काही मिलिसेकंदांत सुरू.

किंमत पाठवणारा मोजतो. बिल्डला कितीतरी मिनिटं आणि जीबींमध्ये मेमरी लागते. लिनक्स, मॅक, विंडोजसाठी फाइल वेगळी. म्हणजे 'कुठेही चालवा' हे वचन इथे सोडावं लागलं.

मला हा सौदा पटतो. पाठवणारा एकदा राबतो, घेणारे अनेक असतात. त्यातली एखादी मुलगी बुलढाण्यात ४ जीबी रॅमच्या लॅपटॉपवर, मोबाइलच्या हॉटस्पॉटवरून टूल उतरवत असते. टूल वापरायचं की नाद सोडायचा, हे तिचं पहिल्या दहा मिनिटांत ठरतं.