दसऱ्याला निघायचं, तर दाणा श्रावणात मापायचा

आजची नोंद पिकाची नाही, घोड्याची आहे.

दोन वर्षांपूर्वी माझी साडेतीन वर्षांची भीमथडी घोडी पावसाळाभर दावणीला होती. काम बंद, पण खुराक मात्र कामाच्या दिवसांइतकाच. मला वाटायचं, खाऊ दे, अंग भरेल. दसरा झाला आणि ओझं टाकून तिला थेट डोंगरावरच्या रानाकडे काढली. अर्ध्या तासात घामानं निथळली. मागचे पाय ताठ, पुठ्ठे लाकडासारखे, लघवी काळपट लाल. डॉक्टरांनी फोनवरच बजावलं, एक पाऊल चालवू नका. औषधपाण्यावर वाचली. विश्रांतीत भरपूर दाणा आणि मग एकदम काम, त्यानं हे होतं म्हणाले. चूक सगळी माझी.

तेव्हापासून डोक्यात एकच. आपल्या मुलखात पावसाळ्यात घोडा थांबवून दसऱ्याला पुन्हा बाहेर काढायची रीत तर साडेतीनशे वर्षं जुनी. मग ती माणसं काय करत होती?

कृष्णाजी अनंत सभासदानं जिंजीला लिहिलेल्या बखरीत शिवाजी महाराजांच्या लष्कराची व्यवस्था दिली आहे. पावसाळ्यात लष्कर छावणीला यायचं. घोड्यांचा दाणा, चारा, औषधं आधीच साठवलेली. माणसांना गवतानं शाकारलेली घरं. दसरा झाला की छावणीतून कूच. 25 घोड्यांमागे एक हवालदार, एक पखालजी आणि एक नालबंद. म्हणजे पाण्याला वेगळा माणूस, खुरांना वेगळा.

दुसरा पुरावा महाराजांच्या पत्राचा. चिपळूणकडे छावणी करून राहिलेल्या जुमलेदार-हवालदारांना राज्याभिषेकाच्या सुमारास लिहिलेलं. रयतेला त्रास देऊ नका, म्हणून हे पत्र आपण सगळे ओळखतो. पण ते शेतकऱ्याच्या नजरेनं वाचा. त्यात मुख्य हिशेब दाण्या-वैरणीचा आहे. आहे तोवर मनमानी उधळलं, तर भर पावसात काही मिळणार नाही, घोडी मरतील, आणि ती तुम्हीच मारल्यासारखं होईल. म्हणून रोजचं ठरवून घ्या. उंदरानं दिव्याची जळती वात ओढून नेली तर गवत पेटेल, इथवर काळजी.

तिथं भीती टंचाईची होती, माझ्याकडे झाली चंगळ. पण चूक एकच, माप नव्हतं. दसऱ्याचा घोडा छावणीतच घडतो, असं मला त्यातून कळलं.

ही रीत अजून जिवंत आहे. भीमा-नीरेच्या खोऱ्यातले धनगर बांधव पाऊस संपला की मेंढरं घेऊन कोकणाकडे उतरतात, पावसाच्या तोंडावर परततात. बिऱ्हाड याच भीमथडी घोड्यांच्या पाठीवर. आता या घोड्याला स्वतंत्र जात म्हणून सरकारी नोंदणीही मिळाली आहे.

यंदा मी असं केलं. काम थांबलं त्याच दिवशी दाणा निम्म्यावर, पोट वैरणीवर. पावसात खुरं भिजून मऊ पडतात, म्हणून जागा कोरडी आणि खुरं रोज साफ. भाद्रपदात नालबंद बोलावला. मग पहिले दोन आठवडे सपाट रस्त्यावर नुसतं चालणं, पाठ मोकळी. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात थोडी दुडकी चाल, थोडा चढ. पाचव्यापासून रिकामं खोगीर, मग हलकं ओझं. उतार सगळ्यात शेवटी, कारण उतरताना पुढच्या पायांवर भार येतो. दाणा वाढवला तो काम वाढल्यावर, आधी नाही.

रोज थांबल्यावर दहा मिनिटांनी जबड्याखाली बोट ठेवून नाडी मोजतो. मिनिटाला साठच्या खाली आली नाही, तर दुसऱ्या दिवशी काम कमी. दम लवकर सुधारतो, पण शिरा आणि हाडं मागून येतात. तरण्या घोडीत तर फारच मागून. तिचा उत्साह बघून फसू नका, मी फसलो होतो.

काल ती ओझ्यासकट डोंगरावर जाऊन आली. घाम आला, पण वर पोचताच चरायला लागली. मी मात्र आधी लघवीचा रंग बघितला.

तुमच्याकडे घोडं असेल, तर पावसाळ्यात दाणा किती ठेवता ते जरूर लिहा.