तासाला 30 सेंटची नोकरी आणि विश्वाचं माप

"प्रोजेक्ट असिस्टंटची जागा आहे, पण दिवसभर नुसता डेटा बघायचाय. घेऊ का?" हा प्रश्न नेट-सेटची तयारी करणारे बरेच जण विचारतात. उत्तर द्यायच्या आधी हार्वर्ड वेधशाळेचा थोडा इतिहास बघू.

एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी 'कॉम्प्युटर' म्हणजे यंत्र नव्हे, तर आकडेमोड करणारी व्यक्ती. वेधशाळेचे संचालक एडवर्ड पिकरिंग यांनी या कामावर बायका नेमल्या. कारण सरळ होतं: त्या कमी पगारात मिळायच्या. रात्री दुर्बिणीवर पुरुष बसणार, फोटो काढणार. दिवसा बायका त्या काचेच्या प्लेट्स भिंगाखाली धरून ताऱ्यांची तेजस्विता मोजणार. त्यातलीच एक हेन्रिएटा लेविट. आधी बिनपगारी, मग तासाला 30 सेंट.

आता फायदा कुठे होता ते बघा. दुर्बिणीवरचा माणूस एका रात्रीचं आकाश बघतो. लेविटच्या टेबलावर अनेक वर्षांचं आकाश होतं. एका रात्रीच्या निगेटिव्हवर दुसऱ्या रात्रीची पॉझिटिव्ह प्लेट ठेवायची. ज्या ताऱ्याचे ठिपके जुळत नाहीत, त्याचं तेज बदललं. असं करत तिने मॅगेलनिक मेघांमधले 1777 रूपविकारी तारे शोधले आणि 1908 मध्ये प्रसिद्ध केले. त्यातल्या काहींबाबत तिच्या लक्षात आलं की जास्त तेजस्वी ताऱ्याचा आवर्तकाळही जास्त असतो.

1912 मध्ये लहान मेघातल्या 25 ताऱ्यांवरून हे नातं पक्कं झालं. एकाच मेघातले तारे आपल्यापासून साधारण सारख्याच अंतरावर, म्हणून दिसणारा तेजातला फरक खराखुरा फरक. म्हणजे नुसता आवर्तकाळ मोजला तरी ताऱ्याचं खरं तेज काढता येईल, आणि त्यावरून अंतर! फक्त अशा काही ताऱ्यांची अंतरं दुसऱ्या पद्धतीने काढून ही मोजपट्टी एकदा लावून घ्यायला हवी होती.

इथेच तोटा दिसतो. मोजपट्टी लावायचा पहिला प्रयत्न 1913 मध्ये केला एयनार हर्ट्झस्प्रुंग यांनी. लेविटच्या वाट्याला मुख्यत्वे ताऱ्यांच्या तेजाची प्रमाणं ठरवण्याचं काम आलं. काम गरजेचं होतं, पण प्रश्न तिचा नव्हता. पुढे काय करायचं हे संचालक ठरवणार. 1912 चं ते परिपत्रकही पिकरिंग यांच्या सहीने निघालं; मजकूर लेविटने तयार केलाय, एवढी नोंद मात्र त्यात आहे.

1921 मध्ये ती वारली. दोनच वर्षांनी एडविन हबल यांना देवयानी तारकासमूहातल्या तेजोमेघात तसाच तारा सापडला आणि तिच्याच नियमावरून तो मेघ आपल्या आकाशगंगेबाहेर असल्याचं ठरलं. 1925 मध्ये स्वीडनचे गणिती मिटाग-लेफ्लर यांनी नोबेलसाठी नाव सुचवायच्या विचाराने तिला पत्र लिहिलं. ती हयात नाही हे त्यांना माहीतच नव्हतं.

पगाराची खंत एकट्या लेविटची नव्हती. पिकरिंग यांच्याकडे आधी घरकाम करणाऱ्या आणि नंतर या सगळ्या कामावर देखरेख करणाऱ्या विल्यमिना फ्लेमिंग यांनी 1900 च्या डायरीत आपले 1500 डॉलर आणि पुरुषांचे 2500 यांची तुलना करून ठेवलीये.

तर मूळ प्रश्न: जागा घ्यावी का? कंटाळवाण्या कामाला मी नाही म्हणणार नाही. जो डेटा सगळ्यात जास्त वेळ बघतो, त्यालाच त्यातलं विचित्र काही आधी दिसतं. पण इंटरव्ह्यूमध्ये दोन गोष्टी नक्की विचारा. या डेटातून मला काही सापडलं, तर त्यावर पुढे काम करायला मिळेल का? आणि पेपरवर माझं नाव कुठे असेल? पहिल्याच भेटीत हे विचारायला अवघड वाटतं, मान्य आहे. पण रुजू झाल्यावर विचारणं त्याहून अवघड जातं.